'लाइफटाइम फ्री' क्रेडिट कार्ड, वर्षभर वापरून: 499 सहज परत आले, 89.82 साठी भांडावं लागलं

कार्डाबद्दल तशी तक्रार नव्हती. लाइटबिल, रिचार्ज, मुलीची पुण्याची तिकिटं सगळं याच्यावरच, आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरलेलं. सांगलीच्या विश्रामबागेत एका दुकानाबाहेर टेबल टाकून बसलेल्या पोराने 'लाइफटाइम फ्री' म्हणून गळ्यात मारलं होतं. तोंडी बोलण्यावर आपला भरवसा नाही, म्हणून बँकेच्या मेलमध्ये 'वार्षिक शुल्क: शून्य' हे वाचल्यावरच मी हो म्हटलं होतं. तो मेल जपून ठेवला, तोच कामी आला.

वर्ष सरलं आणि स्टेटमेंटमध्ये दोन ओळी उगवल्या. मेंबरशिप फी 499. खाली आयजीएसटी, म्हणजे त्या फीवरचा जीएसटी, 89.82.

कस्टमर केअरला फोन लावला. बाई गोड बोलल्या, "सर, तुम्ही चांगले कस्टमर आहात, म्हणून वन टाइम फी रिव्हर्स करते." म्हटलं, मॅडम, वन टाइम कशाला? आज मेहेरबानी म्हणून घेतली तर पुढच्या वर्षी परत लागणार. फी नाहीच, असं तुमच्याच मेलमध्ये आहे. त्यांनी 'नोंद घेतली'. 499 जमा झाले, 89.82 नाहीत. विचारलं तर म्हणे, "जीएसटी सरकारला जातो सर, तो परत होत नाही."

इथे डोकं फिरलं. फीच चुकीची, तर तिच्यावर कर कसला? बायको म्हणाली, नव्वद रुपड्यांसाठी किती फोन करताय, एवढ्यात भडंगाचा पुडा येतो. येतो की! म्हणूनच तर! आमचे साडू मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतात. ते ऐकून हसलेच, म्हणाले: बिल जास्तीचं झालं की आम्ही क्रेडिट नोट (जास्तीची रक्कम वजा करणारा कागद) काढतो, करही त्यातच वळता होतो, जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्येच सोय आहे. बँकेला काय वेगळा कायदा आहे का?

मग फोन बंद, लेखी सुरू. बँकेच्या वेबसाइटवर अगदी तळाला नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, मेल आयडी सापडतो. जुना मेल आणि स्टेटमेंट जोडलं, वर रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या कार्ड निर्देशांचा हवाला दिला: बिलावर हरकत घेतली तर 30 दिवसांच्या आत खुलासा, लागेल तिथे कागदपत्रांसह, आणि शुल्क बदलायचं तर किमान एक महिना आधी कळवायचं. मला कुणी काही कळवलं नव्हतं. शेवटी लिहिलं, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. (तिथे तक्रार ऑनलाइन होते, पैसे पडत नाहीत, 14448 वर माहिती मिळते. पण आधी बँकेकडे तक्रार केलेली हवी.)

बिल मात्र पूर्ण भरलं. हट्टाने नव्वद रुपये मागे ठेवले असते तर व्याजमुक्त मुदत गेली असती आणि नव्या खरेदीवरही व्याज बसलं असतं. त्यांना तेच हवं असतं.

आणि मग मत थोडं बदलावं लागलं. नोडल ऑफिसमधून फोन आला. माणूस मराठीत बोलला, मेल नीट वाचून बोलला. कार्ड सिस्टिममध्ये चुकीच्या प्रकारात चढलंय म्हणाला. 89.82 जमा झाले, शिवाय 'या कार्डास वार्षिक शुल्क नाही' हे लेखी आलं. कॉल सेंटरला शून्य, या माणसाला पैकीच्या पैकी.

कार्ड बंद करणार होतो. तेही अवघड नाही: बाकी काही नसेल आणि सात कामाच्या दिवसांत बँकेने बंद केलं नाही, तर पुढे दिवसाला 500 रुपये तिनेच आपल्याला द्यायचे. तूर्त ठेवलंय. पण आता जीएसटीच्या ओळी वाचायची खोड लागली आणि पेट्रोलचं प्रकरण सापडलं. कार्डावर हजाराचं टाकलं की 1 टक्का सरचार्ज (जादा आकार), म्हणजे 10 रुपये. ते परत येतात, त्यावरचा 1.80 जीएसटी येत नाही. हे अटींमध्येच छापलंय, त्यामुळे भांडायला तोंड नाही. मिरज रोडच्या पंपावर आता यूपीआय. तीन स्टार.