वनछत्र मोजण्यासाठी फिशआय भिंग: दोन हंगामांच्या वापरानंतर

झाडांचे छत्र किती दाट आहे, हे खालून वर घेतलेल्या छायाचित्रांवरून मोजण्यासाठी मी दोन हंगाम एक वर्तुळाकार प्रतिमेचे फिशआय (अतिशय रुंद कोनातले दृश्य टिपणारे) भिंग वापरत आहे. भिंग चांगले आहे. मात्र पहिल्या हंगामातले निम्मे फोटो मला टाकून द्यावे लागले, आणि तो दोष भिंगाचा नसून कॅमेऱ्याच्या ऑटो एक्स्पोजरवर विसंबण्याचा होता. दाट झाडीखाली कॅमेरा अंधाराला भुलून जास्त उजेड आत घेतो, त्यामुळे पानांमधल्या फटी फुगतात, कडेची बारीक पाने त्या पांढऱ्या रंगात विरतात आणि पर्णक्षेत्र निर्देशांक (जमिनीच्या क्षेत्रफळाच्या तुलनेत पानांचे क्षेत्रफळ) प्रत्यक्षापेक्षा कमी भरतो. आता मी आधी मोकळ्या जागेत आकाशाचे एक्स्पोजर पाहतो, त्यात दोन स्टॉप वाढवून (म्हणजे चौपट उजेड आत घेऊन) तेच मॅन्युअलवर कायम ठेवतो, आणि सूर्य क्षितिजाखाली असताना किंवा आभाळ एकसारखे भरलेले असतानाच फोटो घेतो.

खोक्यावर १८० अंशांच्या दृश्यकोनाचा दावा आहे. तो तपासण्यासाठी अर्धवर्तुळाकार फळीवर दर १० अंशांवर खुणा चिकटवून मध्यभागातून फोटो घेतला. खस्वस्तिकापासून (थेट डोक्यावरच्या बिंदूपासून) ७० अंशांपर्यंत खुणांमधले अंतर जवळपास सारखे आले. त्यापुढे त्या एकमेकींत दाटल्या. माझ्या कामाला हे चालते, कारण पानांच्या कलाचा परिणाम जिथे जवळजवळ नाहीसा होतो तो ५७.५ अंशांचा पट्टा सुरक्षित भागात येतो. कडेला जांभळी झाक दिसते, पण मी फोटोतला फक्त निळा चॅनल, म्हणजे निळ्या रंगाची नोंद, वापरतो (त्यात पाने काळी आणि आकाश उजळ दिसते), म्हणून ती फारशी आड येत नाही.

माहितीपत्रकात ‘पानांचे क्षेत्रफळ थेट मिळते’ असे छापले आहे, ते मात्र दिशाभूल करणारे आहे. फोटोत फांद्या आणि खोडेही काळीच दिसतात, शिवाय पाने झुपक्यांनी असली की आकडा कमी येतो. ही दुरुस्ती आपली आपणच करावी लागते.

पुढची काच इतकी फुगीर आहे की तिच्यावर फिल्टर बसत नाही. एकदा दवाचा एकच थेंब राहिला आणि गणनेत तिथे छत्राला मोठे भोक पडले. पाणसळ लावून कॅमेरा समतल केल्यावर स्वतः खाली बसावे लागते, नाहीतर टोपीची कड फोटोत येते. टोपण सैल आहे. माझे दुसऱ्याच महिन्यात पाचोळ्यात हरवले, तेव्हापासून भिंगावर जुना लोकरी मोजा चढवलेला असतो.