बातूर, ब्रोमो की इजेन? सूर्योदयासाठी कोणता ज्वालामुखी निवडाल

जागृत ज्वालामुखीवरून सूर्योदय पाहायचा म्हणून इंडोनेशियाची तिकिटं शोधायला बसलात की तीन नावं हमखास समोर येतात: बालीतला बातूर आणि पूर्व जावातले ब्रोमो आणि इजेन. तिन्हीकडे झोपमोड ठरलेली, तिन्हींचे फोटो सारखेच देखणे. त्यामुळे फोटोंवरून निवडू नका. उगवतीचं दृश्य हवंय की धुमसता डोंगर अगदी जवळून पाहायचाय, हे आधी नक्की करा. या दोन वेगळ्या इच्छा आहेत आणि एकाच पहाटे दोन्ही पुऱ्या होतीलच असं नाही.

निव्वळ सूर्योदयासाठी माझं मत बातूरला. उंची १,७१७ मीटर, चढ साधारण दोन तासांचा. पहाटे चारच्या सुमारास निघायचं. सुरुवातीची वाट सोपी आहे, वरचा टप्पा मात्र घसाऱ्याचा. काळ्या बारीक खडीवर पाऊल टाकलं की अर्धं मागे सरकतं, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेतच. फार पूर्वीच्या एका प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचून इथे मोठी वाटी तयार झाली आणि बातूरचा शंकू त्या वाटीच्या मधोमध उभा आहे. त्यामुळे माथ्यावरून पायाशी तलाव, पलीकडे आबांग आणि त्यामागे आगुंग हे डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रापार लोंबोकचा रिंजानीसुद्धा दिसतो. उजाडल्यावर उतारावरचा १९६३ सालचा काळा लाव्हा नजरेत भरतो. १९२६ च्या उद्रेकात बातूर गाव गाडलं गेलं, तेव्हा गावकऱ्यांनी वस्ती आणि मंदिर वाटीच्या वरच्या कडेवर हलवलं. ते मंदिर आजही तिथे आहे. डोंगर शेवटचा जागा झाला तो २००० साली. आता माथ्याजवळच्या फटींतून वाफ येते आणि गाइड तीत अंडी उकडून देतात. बातूरची उणीव एकच, गर्दी. हंगामात हेडलॅम्पची रांगच्या रांग वर सरकत असते. स्थानिक गाइड घ्यावाच लागतो, त्यावरून वाद घालू नका.

ब्रोमोला ट्रेक म्हणणं मला पटत नाही. सूर्योदय पाहायचा तो समोरच्या पेनांजाकान डोंगरावरून, सुमारे २,७७० मीटरवरून, आणि तिथवर जीप जाते. पुढे राखेचं मैदान ओलांडून अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढल्या की ब्रोमोच्या विवराची कड येते. सोबत वयस्कर मंडळी किंवा मुलं असतील तर तिघांत हाच बरा. पेनांजाकानवर सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे राहतात. तुम्ही दक्षिणेकडे बघा. पहिली किरणं ३,६७६ मीटर उंचीच्या सेमेरूच्या शेंड्यावर पडतात आणि उजेड हळूहळू खाली उतरत ब्रोमोच्या धुरापर्यंत येतो. सेमेरू मात्र लांबूनच पाहावा. डिसेंबर २०२१ च्या उद्रेकात तिथे पन्नासहून अधिक जीव गेले.

आता इजेन. ज्वालामुखी म्हणजे काय ते अंगावर घ्यायचं असेल तर इथेच यावं. चढाई सुरू होते त्या पालतुदिंगपासून विवराच्या कडेपर्यंत साधारण तीन किलोमीटरची वाट आहे आणि पाचशे मीटरचा चढ. खरी परीक्षा त्यापुढे. कडेवरून आत, दगडांतून काळोखात उतरत गेलं की निळी आग दिसते. फटींमधून बाहेर पडणारा गंधकाचा तापलेला वायू हवेशी संपर्क येताच पेटतो, त्या या ज्वाळा. शेजारीच खाणकामगारांनी पाइप बसवले आहेत. त्यांत वायू निवून लालसर पातळ गंधक टपकतं आणि गार होताना पिवळंधमक होतं. ते पहारीने फोडून दोन टोपल्यांत भरतात आणि मिळून सत्तर किलोंहून जास्त वजन खांद्यावर घेऊन हे लोक त्याच अरुंद वाटेने वर येतात. ते दिसले की बाजूला व्हा, वाट त्यांची आहे. फोटोसाठी त्यांना अडवणं मला तरी बघवत नाही.

इजेनची गोम अशी की निळी आग फक्त अंधारात दिसते आणि पूर्व जावात पाचच्या आसपास उजाडतं. आगीसाठी आत उतरलात तर पुन्हा कडेवर येईपर्यंत सूर्य बहुधा वर आलेला असतो. त्याची भरपाई तळ्याने होते. सुमारे एक किलोमीटर रुंदीचं हे तीव्र आम्लाचं तळं उजेड पडला की हिरव्यानिळ्या रंगाचं दिसू लागतं. वारा फिरला तर धूर थेट अंगावर येतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. कापडी रुमाल किंवा साधा मास्क इथे काही कामाचा नाही, फिल्टर लावलेला गॅस मास्कच हवा. दमा असेल तर आत उतरू नका. लहान मुलांना तर मुळीच नेऊ नका.

तिन्हींसाठी एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चांगला. विषुववृत्ताजवळचा देश म्हणून थंडीला कमी लेखू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रोमोच्या मैदानावर कधीकधी दहिवर गोठतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी त्या ज्वालामुखीसाठी जाहीर झालेली इशाऱ्याची पातळी पाहाच. इंडोनेशियात अशा चार पातळ्या आहेत, पहिली सगळ्यात कमी धोक्याची. पण खालची पातळी म्हणजे अभय नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये सुमात्राचा मारापी दुसऱ्या पातळीवर असताना फुटला आणि वर गेलेले वीसहून अधिक गिर्यारोहक दगावले. बंदी असेल तर ‘मागच्या वाटेने नेतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, आगाऊ पैसे बुडाले तरी चालतील.

तिन्ही करायचेच असतील तर ब्रोमो, मग इजेन, मग जावातल्या केतापांग बंदरातून फेरीबोटीने बाली आणि शेवटी बातूर, असा क्रम सोयीचा पडतो. इजेन आणि बातूर यांच्यामध्ये एक रात्र पुरती झोपेसाठी ठेवा. आणि बालीत उतरताच घड्याळ एक तास पुढे करा, नाहीतर बातूरची गाडी दारात येईल तेव्हा तुम्ही अंथरुणातच असाल.