कोल्हापुरात राजारामपुरीतला मानसोपचार दवाखाना: शुगरवाल्यांनी जावं असा

आईची शुगर जुनी. तळपायांची आग, रात्रभर जागरण, मग हळूहळू बोलणंच कमी झालं. "येड्यांच्या डॉक्टरकडं कशाला?" असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. आम्ही गेलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी फाइल मागितली. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), चालू गोळ्या, सगळं बघितलं. मग, "मावशी, पाय कधी जास्त जळतात?" मनाच्या डॉक्टरनं पायाचं विचारलं म्हटल्यावर आई सुटलीच! ड्युलोक्सेटिन दिली. ती नैराश्यावरही चालते आणि मधुमेहानं दुखावलेल्या नसांच्या वेदनेवरही. किडनी फार कमजोर असेल तर ती टाळतात, म्हणून क्रिएटिनिन बघितलं होतं. सुरुवातीला मळमळेल, गुण यायला काही आठवडे लागतील, आपल्या मनानं बंद करायची नाही, हे बजावलं. शुगरच्या डॉक्टरांना चिठ्ठीही दिली, ते लई आवडलं. आई आता झोपते, भांडतेही.

वैताग एकच: दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पाय जळणाऱ्या माणसानं जिना चढायचा? नंबर लावूनही ताटकळावं लागतं. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन करावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पाचपैकी चार. एक जिन्यापायी कापला.