भांड्यांचा ढग: साकेतमधील ‘लाइन ऑफ कंट्रोल’

दिल्लीत साकेतच्या डीएलएफ साउथ कोर्ट मॉलमधील किरण नाडर कलासंग्रहालयाला भेट देणाऱ्याने सुबोध गुप्ता यांचे ‘लाइन ऑफ कंट्रोल’ हे शिल्प एकदा लांबून आणि एकदा अगदी जवळून पाहावे. लांबून दिसतो तो अणुस्फोटानंतर उठणारा छत्रीच्या आकाराचा ढग, सुमारे १० मीटर उंच आणि २६ टन वजनाचा. जवळ गेल्यावर मात्र त्याच ढगातून स्टीलची पातेली, डबे आणि ताटल्या सुट्या होऊन दिसू लागतात. बिहारमधील खगौल येथे १९६४ साली जन्मलेल्या गुप्ता यांनी २००८ मध्ये हे शिल्प घडवले आणि पुढच्याच वर्षी ते लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात मांडले गेले.

भांडी रचून लोकांना दाखवण्याची हौस आपल्याला नवी नाही. लग्नातले रुखवत हे तेच तर असते. परंतु रुखवतातली भांडी संसार मांडण्यासाठी असतात आणि इथली त्याच संसाराच्या राखरांगोळीचा आकार घेतात. सीमेवरच्या तणावाची किंमत शेवटी चुलीला मोजावी लागते, हे सांगायला कलावंताला वेगळा मजकूर लिहावा लागलेला नाही. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी १९१७ मध्ये बाजारातली मुतारी उचलून तिला कलाकृती म्हटले, तेव्हा निवड हीच कृती होती. गुप्ता यांचा सारा भर रचनेवर आणि ढिगावर आहे, आणि इथे तो पुरेपूर सार्थ ठरतो.

एक उणीव मात्र जाणवते. घरातल्या भांड्याला पोचे असतात, बूड काळवंडलेले असते, काठावर कुणाचे तरी नाव आणि तारीख कोरलेली असते. माझी नजर तसे एखादे नाव शोधत राहिली, पण समोर होती ती दुकानातून नुकती आणल्यासारखी चकचकीत भांडी. त्यामुळे विध्वंसाचा आकार भव्य दिसतो, पण त्यात नेमके कुणाचे घर गेले हे कळत नाही. वापरलेली भांडी घेतली असती तर हेच शिल्प अधिक बोचले असते, असे माझे मत आहे.

संग्रहालयात प्रवेश विनामूल्य असून सोमवारी ते बंद असते. खरेदीसाठी साकेतला जाणाऱ्यांनीही या शिल्पासाठी अर्धा तास जरूर राखून ठेवावा आणि शक्यतो ते खरेदीच्या आधी पाहावे.