कळवून तपासणी की अचानक?

दिव्यांगांच्या निवासी संस्थेत आधी कळवून गेलं की कागदपत्रं नीट तपासता येतात: औषधांची नोंदवही, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या, तक्रारवही. पण त्या दिवशी चादरी धुतलेल्याच असणार.

अचानक गेलं, तेही रात्रपाळीत किंवा जेवणाच्या वेळी, तर खरी काळजी दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळच्या वेळी बदलतात का, हे टाचा आणि माकडहाड सांगतात; तिथली न ओसरणारी लाली रातोरात घालवता येत नाही. भरवणारा शेजारी बसून भरवतो की उभ्या उभ्या उरकतो, तेही बघा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम १६ स्वतंत्र देखरेखच मागतं. माझा कौल अचानक भेटीलाच. मात्र रहिवाशांशी बोलताना कर्मचारी खोलीबाहेर हवेत, आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी चित्रफलक सोबत न्यावा.