फोटोत गाडी अर्धीच असेल तर : ओळख सांगणाऱ्या ॲपचा काही महिन्यांचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. फोटोवरून गाडी ओळखणारं हे ॲप कंपनीचं नाव बऱ्यापैकी सांगतं, मॉडेल अधूनमधून, आणि वर्ष जवळजवळ कधीच नाही. तरीही पावसाळ्याच्या आधीपासून ते माझ्या फोनमध्ये आहे आणि अजून काढलेलं नाही. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. या जातीची तीन-चार ॲप आळीपाळीने वापरून मग एकाची वर्गणी भरली. सगळ्यांचे गुणदोष इतके मिळतेजुळते निघाले की एकट्यालाच बोल लावण्यात अर्थ नाही.

माझा उपयोग कसला आहे ते सांगायला हवं, नाहीतर तुमचा अंदाज चुकेल. मी नातेवाइकांचे आणि ओळखीच्या घरांतले जुने अल्बम स्कॅन करून देते. अल्बममध्ये गाडी हमखास असते, पण गाडीचा फोटो कोणीच काढलेला नसतो. फोटो असतो नव्या जोडप्याचा, मुंजीतल्या बटूचा, नाहीतर परगावी निघालेल्या कुटुंबाचा. गाडीच्या पुढच्या जाळीसमोर काका उभे, बोनेटवर मूल बसवलेलं, आणि कंपनीचं चिन्ह नेमकं आत्याच्या पदराआड. उरतं काय, तर एक मडगार्ड, अर्धा हेडलाइट, मागचं चाक, दाराची मूठ. प्रदर्शनात चकचकीत गाडीसमोर फोन धरणाऱ्यांना हे ॲप जादूचं वाटत असेल, तो अनुभव वेगळा.

जमतं तिथे खरंच जमतं. फोक्सवॅगन बीटलची नुसती मागची काच दाखवली तरी पुरते. १९५३ पर्यंत ती मधल्या पट्टीने दुभागलेली, पुढे १९५७ पर्यंत लंबगोल, त्यानंतर मोठी चौकोनी. हे ॲपने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. १९५७ च्या शेव्हरोलेचा मागचा पंख, मॉरिस मायनरचा पाठीचा उतार, हेही चटकन. ज्या गाड्यांचे फोटो जगभरच्या हौशी लोकांनी ढिगाने काढून ठेवलेत, तिथे त्याची शिकवणी पक्की झालेली दिसते.

ब्यूकच्या बाबतीत मात्र मजा झाली. १९४९ पासून ब्यूकच्या पुढच्या मडगार्डवर गोल भोकांची रांग असे. त्या वर्षी सुपर या मॉडेलला बाजूला तीन, रोडमास्टर या मॉडेलला चार. आमच्या फोटोत तीन भोकं दिसतात आणि पुढे एका गृहस्थांचं कोपर येतं. ॲपने ठासून सांगितलं, सुपर. कोपराआड चौथं भोक असू शकतं, हा प्रश्नच त्याला पडत नाही. जे दिसतं तेवढंच पूर्ण आहे असं धरून ते चालतं, आणि अर्ध्या फोटोत नेमकं तेच धरून चालता येत नाही.

खरी कसोटी आपल्याकडच्या गाड्यांवर लागते. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर गटाच्या गाड्या जोडायला सुरुवात केली. डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट, प्लिमथ अशी नावं जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजून ऐकू येतात. यातली गोम अशी की किंग्जवे आणि डिप्लोमॅट या परदेशी बाजारासाठी प्लिमथच्याच सांगाड्यावर बेतलेल्या गाड्या. दारं, छत, काचा, डिकी जवळजवळ तीच. फरक जाळीत, चिन्हांत आणि क्रोमच्या पट्ट्यांत. म्हणजे फोटोत पुढचा भाग झाकला गेला असेल, तर निव्वळ बाजूवरून या तिघींत निवड करायला फारसं काही उरतच नाही. माणूस अशा वेळी ‘प्लिमथच्या घराण्यातली’ म्हणून थांबेल. ॲप थांबत नाही. एकाच फोटोचे दोन वेगळे तुकडे कापून दिले, तर एकदा प्लिमथ म्हणालं आणि एकदा डॉज, दोन्ही वेळा खात्रीचा हिरवा पट्टा पूर्ण भरून. त्या पट्ट्याकडे मी बघणंच सोडलंय.

ॲम्बॅसडरचा किस्सा याहून बोलका. १९५७ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने आणलेली ही गाडी म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, आणि तिच्या आधीची लँडमास्टर म्हणजे दुसरी मालिका. आमच्याकडच्या एका फोटोत मागे कौलारू घर आहे, पुढे नऊवारीतल्या दोघी, आणि गाडीचा फक्त मागचा अर्धा भाग. ॲप म्हणालं ॲम्बॅसडर. मग दोघींना आणि घराला वगळून नुसता डिकीचा तुकडा दिला. उत्तर आलं मॉरिस ऑक्सफर्ड. थोडक्यात, ते गाडी जेवढी बघतं तेवढीच साडी बघतं. यात गैर काही नाही, मीही बघते. पण उत्तर गाडीवरून आलं की आजूबाजूवरून हे कळल्याशिवाय त्याचं वजन ठरत नाही. तेव्हापासून प्रत्येक फोटो मी दोनदा देते, एकदा अख्खा आणि एकदा नुसता पत्रा ठेवून. उत्तर बदललं की सावध व्हायचं.

ॲम्बॅसडर आहे एवढं कळून घरच्यांचं समाधान होत नाही. त्यांना विचारायचं असतं, ‘आजोबांनी घेतली ती कोणती?’ इथे जाळी दिसणं भाग आहे. १९६२ च्या सुमारास आलेल्या मार्क २ ची (मार्क म्हणजे आवृत्ती) जाळी बारीक चौकटींची, १९७५ च्या मार्क ३ ची आडव्या पट्ट्यांची, १९७९ च्या मार्क ४ ला पुन्हा लहान चौकटी आणि शेजारी चौकोनी पार्किंग दिवे. बटूच्या खांद्यावरून जाळीचा तळहाताएवढा कोपरा दिसला तरी काम होतं, फक्त ते डोळ्यांनी करावं लागतं. ॲपला मार्कांमधला फरक माहीत असल्याचं मला एकदाही जाणवलं नाही.

फियाटचं तसंच. भारतात १९५४ पासून आलेली गोल पाठीची ११००, जिला मुंबईत सगळे डुक्कर फियाट म्हणतात, आणि साठच्या दशकातली छोट्या पंखांची ११०० डी, म्हणजे आपली डिलाइट, या दोघींना ॲप ‘फियाट ११००’ या एकाच दावणीला बांधतं. डिलाइट आणि पुढची प्रीमियर पद्मिनी यांच्यात गोंधळ झाला तर समजू शकते, अंगकाठी तीच आहे. पण डुक्कर फियाट ओळखायला मागची बाजूही लागत नाही. पुढचं दार उघडं असलं की झालं. सुरुवातीच्या गाड्यांत त्याच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला असत आणि दार उलट्या बाजूने उघडे. लग्नाच्या फोटोंत दार बऱ्याचदा उघडंच असतं. आमच्याकडे अशा दोन फोटोंत ॲपने पद्मिनी सांगितली, तीही नवरदेवाच्या डोक्यावर पन्नाशीच्या दशकातली गांधी टोपी असताना. (पद्मिनी हे नाव १९७४ चं.)

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. संगणकाला गाड्या ओळखायला शिकवताना संशोधक जे फोटोसंच वापरतात, त्यांतला एक गाजलेला संच स्टॅनफर्ड विद्यापीठाचा, २०१३ चा. त्यात १६,१८५ फोटो आणि १९६ वर्ग, पण सगळा भर २०१२ पर्यंतच्या अमेरिकी बाजारातल्या गाड्यांवर. असल्या शिदोरीवर वाढलेल्याकडून कुर्ल्याच्या आणि हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातल्या गाड्यांची अपेक्षा किती करायची?

जीपबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वाड्यात, शेतावर, निवडणुकीच्या प्रचारात, सगळीकडे जीप उभी असते आणि प्रत्येक घरात ती ‘दुसऱ्या महायुद्धातली’ असते. युद्धातल्या विलिस एमबीच्या पुढच्या पत्र्यात नऊ उभ्या फटी. १९४५ पासूनच्या नागरी सीजे मालिकेत सात, आणि हेडलाइट मोठे. पुढचा भाग झाकलेला असेल तर मागे बघा. एमबीला मागे खाली पडणारी फळी नाही आणि स्टेपनी मागे टांगलेली. नागरी मालिकेतल्या सीजे-२ए ला फळी आहे म्हणून स्टेपनी बाजूला गेली. पुढच्या दोन चाकांमधली आडवी तुळई दिसली तर अजून एक पायरी उतरता येतं: गोल नळी असेल तर विलिस, उलट्या पन्हळीसारखी असेल तर फोर्डने बनवलेली जीपीडब्ल्यू. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जोडायला घेतल्या आणि उंच बोनेटची सीजे-३बी पुढे कितीतरी वर्षं इथे बनत राहिली. ॲप या सगळ्यांना ‘जीप’ म्हणून मोकळं होतं, फार तर ‘विलिस जीप’. बरेचदा सात फटी मोजून दाखवाव्या लागतात आणि महायुद्ध घराबाहेर काढावं लागतं. ते काम ॲप करत नाही, आणि केलं असतं तरी वाईटपणा माझ्याच वाट्याला आला असता.

फटींवरून आठवलं, ॲपमध्ये फोटो ‘सुधारून’ देण्याची सोय आहे. ती बंद ठेवा. अंधूक फोटो टोकदार करताना ती हरवलेला तपशील परत आणत नाही, नवा रचते. एका फोटोत भिंगाखाली नऊ फटी स्वच्छ मोजता येत होत्या, सुधारलेल्या प्रतीत आठ झाल्या, आणि आठ फटींची ही जीप कोणत्या कारखान्यातून आली ते त्या ॲपलाच ठाऊक. रंग भरण्याची सोयही त्याच पंगतीतली. जुन्या काही फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटे, त्यामुळे काळ्यापांढऱ्यातून गाडीचा रंग सांगणं म्हणजे निव्वळ पतंगबाजी. त्यापेक्षा मूळ छापील फोटो १,२०० डीपीआयला (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा आणि तोच तुकडा द्या. मोबाइलने अल्बमच्या प्लास्टिकवरून काढलेल्या फोटोतली चकाकी ॲपला क्रोमसारखी दिसते.

उलटा छापलेला फोटो ही आणखी एक अडचण. निगेटिव्ह पालथी पडली की स्टिअरिंग डावीकडे जातं, आणि ॲप लगेच अमेरिकेत बनलेली, डाव्या हाताची गाडी म्हणून शोधू लागतं. आधी पदर बघायचा. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर हवा. उजव्यावर असेल तर एक तर फोटो उलटा, नाहीतर मंडळी गुजराती. शर्टाची बटणं आणि पाटीवरची अक्षरं पुढचा निवाडा करतात.

पाटीचा क्रमांक ॲप वाचतं, पण त्याचा अर्थ लावत नाही. तुम्ही लावा. राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याचे दोन आकडे ही पद्धत १ जुलै १९८९ ला लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यानंतरची. त्याआधी एके काळी मुंबईत बीएमने सुरू होणारी तीन अक्षरं असत, गोव्यात जीडीने. हल्ली राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ दिसलं तर ती २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची जुनी गाडी म्हणून नोंदलेली आहे. मात्र पाटी फोटोचा काळ सांगते, गाडीचा नाही. १९३८ च्या गाडीवर १९९० ची पाटी सुखाने बसू शकते. उलट मात्र होत नाही: फोटो लग्नाच्या तारखेचा असेल तर त्यानंतर बाजारात आलेलं प्रत्येक मॉडेल बाद. कुटुंबाकडून तारीख घेऊन ती ॲपला सांगता आली असती तर निम्मी चुकीची उत्तरं आपोआप गळाली असती. तशी सोय मात्र कुठेच नाही, आणि ही माझी सर्वांत मोठी तक्रार.

बाकी किरकोळ. वेग ठीक. बॅटरी खातं. मराठी नाही. फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातात, म्हणून माणसांचे चेहरे असलेला अख्खा फोटो दुसऱ्यांच्या अल्बममधला असेल तर आधी विचारते. एका मावशींनी नको म्हटलं, तर त्यांच्या फोटोतला फक्त पत्रा दिला.

मग पैसे कशाला मोजायचे? नकारासाठी. ‘फोर्ड आहे का?’ असं धरून बसलेल्या घराला ॲपने दिलेली चार-पाच नावं आणि त्या गाड्यांचे पूर्ण फोटो शेजारी ठेवून दाखवता येतात. मडगार्डची गोलाई जुळत नाही, दाराची मूठ वेगळी आहे, हे त्यांचं त्यांना दिसतं. तेवढ्यासाठी फुकट आवृत्ती पुरते, फक्त दिवसाला मोजकेच फोटो देता येतात. घरचा एखादा अल्बम असेल तर तीच घ्या. माझ्यासारखे गठ्ठे येत असतील तर एखाद्या महिन्याची वर्गणी भरून सगळे तुकडे एकदम काढून घ्या, वर्षाची भरू नका. माझी मार्चमध्ये संपते. तोवर एका इनामदारी वाड्यासमोरच्या फोटोतलं लाकडी आऱ्यांचं चाक आणि फुटबोर्डाचा तुकडा लावायचा राहिलाय. ॲपने त्यावर आतापर्यंत फोर्ड, डॉज आणि एकदा बैलगाडी अशी उत्तरं दिली आहेत.