स्टेपनी नवी म्हणून दिली, निघाली नऊ वर्षे जुनी

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही नागपूरहून बैतूल, इंदूर, जोधपूरमार्गे जैसलमेरला स्वतःच्या गाडीने गेलो. सोबत पत्नी आणि ७४ वर्षांचे वडील होते. तिथून पुढे पाकिस्तान सीमेजवळच्या तनोटला जायचा बेत होता; जैसलमेरहून तो रस्ता साधारण १२० किलोमीटरचा आहे. वाटेतले रामगढ गाव मागे पडले की टायरचे दुकान सोडा, मोबाइलची रेंजही भरवशाची राहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर तयारी केली: पिण्याचे वीस लिटर पाणी, कूलंट, फॅन बेल्ट, हवा भरण्याचा पंप आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवी स्टेपनी. ती मी नागपूरच्या घाट रोड परिसरातील एका दुकानातून घेतली आणि तिथेच माझी फसवणूक झाली.

‘भाऊ, कंपनीचा ताजा माल आहे, डोळे झाकून घेऊन जा,’ असे सांगत दुकानदाराने टायर दाखवला. तो काळाभोर चमकत होता आणि नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केसही त्यावर होते, त्यामुळे मला शंका आली नाही. मी ५,४०० रुपये क्यूआर कोडवर भरले, त्याने रिमवर टायर चढवून स्वतःच्या हाताने डिक्कीत ठेवला आणि ‘टायर १ नग’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी दिली. जीएसटीचे बिल हवे असल्यास कर वेगळा पडेल, असे तो म्हणाला आणि मी तेवढ्यावर थांबलो, याचे मला आजही वाईट वाटते.

रामगढ सोडून पंचवीसेक किलोमीटर गेल्यावर रस्त्याच्या कडेच्या धारदार दगडाने पुढच्या डाव्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फाटली. साइडवॉल फाटली की ट्यूबलेस टायरला पंक्चरची पट्टी चालत नाही. स्टेपनी लावली आणि दुसरे चाक शिल्लक नसल्यामुळे तनोटचा बेत सोडून हळूहळू मागे वळलो. अकरा किलोमीटरवर स्टीअरिंग थरथरू लागले आणि मी गाडी थांबवेपर्यंत स्टेपनीचा वरचा पट्टा सालासारखा सुटून आला. दुधाची जीप येईपर्यंत दीड तास आम्ही गाडीच्या सावलीत बसून होतो. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या हाताशी होत्या, पाणी होते, आणि गाडी सोडून चालत निघायचे नाही हे आम्ही आधीच ठरवले होते, म्हणून निभावले.

रामगढच्या टायरवाल्याने तो टायर उलटवून आतल्या बाजूच्या चार आकड्यांवर बोट ठेवले: ०९१४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; म्हणजे टायर २०१४ च्या नवव्या आठवड्यात बनलेला. न वापरताही रबर वर्षानुवर्षे हवेने आणि उष्णतेने कडक होते. खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या, त्या पॉलिशखाली झाकल्या गेल्या होत्या. हे आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि दुकानदाराने नेमकी तीच बाजू रिमच्या आतल्या अंगाला घेऊन स्टेपनी ती बाजू खाली करून ठेवली होती. टायर रिमवर चढवण्यापूर्वी दोन्ही बाजू फिरवून तारीख वाचा, तिचा फोटो काढा, आणि ते आकडे व टायरचा साइज बिलावर लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला, तर तो टायर घेऊ नका.

परतल्यावर दुकानदाराने ‘हा टायर आमचा नाहीच’ असे तोंडावर सांगितले. क्यूआर कोड दुकानाच्या नावाचा नव्हता, भलत्याच व्यक्तीचा होता, हे मोबाइलमधील नोंद पाहिल्यावर लक्षात आले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही; पण तो टायर त्याच दुकानातला होता, हे सिद्ध करणारा कागद माझ्याकडे नाही. ती चिठ्ठी आणि तो फाटलेला टायर मी अजून जपून ठेवला आहे.